लक्ष्मीच्या गाडीत बूट

करामा, दुबई
शुक्रवार, देवीची आरती झाल्यावर

तीर्थस्वरूप नानांच्या पायांशी सुनेचा, म्हणजे रंभाचा, नमस्कार. पत्र पायांबद्दलच आहे, म्हणून आज जरा जास्त वाकून.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला पाठवलेलं तेल गुडघ्याला लावायचं होतं, ते तुम्ही सायकलच्या साखळीला घातलंत असं शेजारच्या निनादकडून कळलं. साखळीला गुण आला असेल तर उरलेलं तरी गुडघ्याला लावून बघा. इकडे आम्ही तिघं देवाच्या कृपेने ठीक आहोत. ईश्वरीला मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं, पण आरती अजून मराठीत म्हणते, त्यामुळे मी आशा सोडलेली नाही. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि सगळी वाडी ऐकते, हे एक. आणि इथे एकच खोली, मी बोलले की हे ऐकतात, हे दुसरं. शेजारची अस्मिता रजेवर गावी निघाली आहे, तिच्या हाती हे देते आहे.

तर बुटांचं असं आहे. ह्यांच्या गॅस सिलिंडरच्या गाडीवर कंपनीचा नियम, फाटकातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत पायात सेफ्टी शूज पाहिजेत. कंपनीने दिलेला बूट मी उचलून बघितला. पुढे लोखंडी वाटी, खाली पोळपाटाएवढा जाड तळवा, आणि वजन इतकं की मी तो एक दिवस लोणच्याच्या बरणीवर दाबून ठेवला होता (धुऊन, कापडात गुंडाळून, आणि तोही डावा). तो घालून हे पहिल्या दिवशी गाडी चालवायला बसले, तर ब्रेक कुठे संपतो आणि बूट कुठे सुरू होतो ते कळेना. गाडी राउंडअबाउटला शेळीसारख्या उड्या मारत गेली म्हणे. मग ह्यांनी त्यावर आपला तोडगा काढला. गाडीत बसताना बूट काढायचे, बिल्डिंग आली की घालायचे, सिलिंडर पोचवून आले की पुन्हा काढायचे. करामात बिल्डिंग किती आणि बुटांच्या नाड्या किती लांब, तुम्हीच विचार करा. नाडी बांधेपर्यंत वरच्या बायका गॅलरीतून ओरडायच्या की भैया, डाळ आधी शिजली.

सेफ्टीचे सुजीतसाहेब ह्यांना अनवाणी गाडी चालवताना एकदा बघून गेले आणि ताकिदीचा एक कागद हातात ठेवला. दुसऱ्यांदा जे झालं ते मी तुम्हाला सांगणार नव्हते. घाईत हे तसेच अनवाणी खाली उतरले आणि सिलिंडर हातातून सुटून अंगठ्यापासून वीतभर अंतरावर पडला. साहेब तिथेच उभे. माणूस वाईट नाही, त्यांनी ह्यांना आधी पाणी पाजलं आणि मग म्हणाले, “धनंजयभाई, तीसरी बार देखूँगा तो लिखना पडेगा.” लिहिलं की गाडी जाते. मग अल ऐनच्या गोदामात माल मोजायचं काम, राहायचं कॅम्पात पुरुषांच्या खोलीत, आणि मी नि ईश्वरी तुमच्याकडे परत. तुमच्याकडे यायला मला आनंदच आहे, पण असं नाही.

तेव्हा मी मनावर घेतलं की बूट मीच निवडणार. माझ्या अटी तीन. चामडं नको, कारण गाडीत गणपती आहे आणि तो मीच बसवलाय. वजन कमी. आणि तळवा असा की पायाला पेडल कळलं पाहिजे. आता असे बूट कोण घालतं हे बघायला सगळ्यात चांगली जागा कुठली? देऊळ. ड्रायव्हर मंडळी गुरुवारी संध्याकाळी दर्शनाला येतात आणि बूट बाहेर मांडून ठेवतात. मी आधी दर्शन घेतलं, मग रांगेतला एकेक बूट उचलून, वाकवून, आतलं लेबल वाचायला सुरुवात केली. एक चांगला मऊ मिळाला तोच वॉचमन समोर. त्याच्यामागे एका सॉक्सवर उभा असलेला बुटाचा मालक. मी सगळं समजावून सांगितलं. मालकाला पटलं (त्याची बायकोही असंच करते म्हणाला), त्याने दुकानाचं नावही दिलं. वॉचमनला मात्र पटलेलं नाही. मी दिसले की तो हल्ली रॅकजवळ जाऊन उभा राहतो.

दुकान आमच्या मागच्याच गल्लीत, रफिकभाईंचं. हे म्हणाले, दुकानात चार पावलं चालून पेडलचं काय कळणार? बरोबर आहे. म्हणून मी माझं शिलाई मशीन भाजीच्या ट्रॉलीत घालून तिकडे नेलं. मशीनला पायाने दाबायचं पेडल आहेच. ह्यांना स्टुलावर बसवलं, एकेक बूट घालून पेडल दाबायला लावलं आणि वर मी साडीचा फॉल शिवायला घेतला. पाय हलका पडला तर टाका बारीक नि सरळ, पाय जड पडला तर मशीन सुसाट. पहिल्या बुटात फॉल साडी सोडून माझ्या पदराला शिवला गेला. दुसऱ्यात टाच इतकी उंच की पाय पेडलवर टेकायच्या आधीच थकला. रफिकभाई म्हणाले, “भाभी, ये जूते की दुकान है, टेलर की नहीं.” पण गर्दी जमली. कोणी पँट दुमडून घेतली, कोणी उसवलेला खिसा पुढे केला, आणि त्या सगळ्यांच्या शिवणीवर आमच्या बुटांची परीक्षा झाली. शेवटी एक करडा बूट सापडला. कापडी, चामड्याचा धागा नाही, पुढची वाटी लोखंडाची नसून कसल्याशा हलक्या मालाची, नाडीऐवजी पट्टी. त्या बुटात ह्यांनी रफिकभाईंच्या पँटची शिवण अशी सरळ मारली की मलाच हेवा वाटला. घेताना दोन खबरदाऱ्या घेतल्या. संध्याकाळीच घेतले, कारण दिवसभर बसून पाय सुजतो, आणि रोजचेच मोजे घालून मापले. एकशेदहा दिरहम सांगितले, म्हणजे आपले सव्वीसशेच्या वर. पँट शिवल्याच्या मजुरीची मी आठवण करून दिली, मग ‘खलास’, म्हणजे बस झालं, म्हणाले आणि भाव उतरवला.

एवढं करून काय झालं? बूट चांगला आहे, हे कबूल करतात. फाटकापर्यंत घालून जातात. गाडीचं दार उघडलं की काढतात. मी विचारलं तर म्हणाले, “रंभा, बूट नाही गं चावत. पण गणपतीसमोर बूट घालून बसायला मन होत नाही. नाना बसले होते का कधी?”

नाना, हे ऐकलं मात्र, माझ्याच डोळ्यांसमोर तुमचा पाय आला. नवी नवरी होते तेव्हा माहेरी जाताना तुमच्याच एसटी गाडीत, तुमच्या मागच्या बाकावर बसायचे. तुम्ही चपला काढून घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर ठेवायचात, पंच्याने तळवे पुसायचात, स्टेअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचात आणि मगच बसायचात. आरशाला सुरंगीच्या फुलांचा वळेसर असायचा. आंबा घाटात सकाळी धुकं इतकं, की पुढचं काही दिसायचं नाही, मग मी रस्त्याकडे न बघता तुमच्या पायाकडेच बघायचे. वळण यायच्या आधी तुमचा अंगठा जरासा वर उचलला जायचा. तो उचलला की मी खांब धरायचे. कंडक्टर म्हणायचा, सूनबाईला घाट पाठ झाला. घाट कुठला, मला अंगठा पाठ झाला होता. आणि आमच्या आप्पांनी हे स्थळ पसंत केलं तेही त्याच पायामुळे. तुमच्या गाडीतून बाजाराला जाताना त्यांनी तुम्हाला असं बसताना बघितलं आणि घरी येऊन म्हणाले, जो माणूस सरकारी गाडीत चपला काढून बसतो त्याच्या घरात पोर द्यायला हरकत नाही. म्हणजे माझा संसार तुमच्या अनवाणी पायावर उभा आहे, आणि आता त्याच पायामुळे तो अल ऐनला निघालाय.

ह्यांचा अंगठाही तसाच उचलला जातो. मी गाडीत शेजारी बसले की अजून तिकडेच बघते. तो अंगठा शाबूत राहावा एवढंच देवाकडे मागते.

बाकी सगळं क्षेम. पडवीत पाय पुसायला जुना पंचा ठेवू नका, घसरायला होतं.

आपली सून
रंभा

ता. क. पत्राबरोबर अस्मिता एक खोकं देईल. त्यात तुमच्यासाठी तसलेच बूट आहेत. तुमचा नि ह्यांचा नंबर एकच, म्हणून माप विचारलं नाही. माझी विनंती एवढीच, की रविवारी ते पायात घालून निनादच्या टेम्पोत ड्रायव्हरच्या जागेवर बसा. त्याच्याही गाडीत गणपती आहे. नेहमीसारखा स्टेअरिंगला हात लावा, कपाळाला लावा आणि तिथूनच व्हिडिओ कॉल करा. तोंडाने काही सांगू नका, नुसता पाय दाखवा. माझं, साहेबांचं नि रफिकभाईंचं ऐकून झालं, आता तुमचंच ऐकतील.

ता. क. दोन. आमच्या सासूबाईंनी मी दुबईला निघताना मला एक गोष्ट सांगितली होती. तुम्ही नोकरीच्या सुरुवातीला बाजारातून स्वस्तात मिळाले म्हणून एक नंबर लहान बूट आणलेत, ते असे चावले की गाडीत काढून ठेवावे लागले, आणि चुकलं म्हणायचं नाही म्हणून घरी येऊन सांगितलंत की गाडी लक्ष्मी आहे. मी हे ह्यांना कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. सुरुवात कशीही झाली असली तरी पुढची तुमची भक्ती खरी होती, ती मी मागच्या बाकावरून बघितली आहे. म्हणून सोबतचे बूट मी आधी स्वतः मोजे भरून दिवसभर घरात घालून बघितले (देवघरापाशी काढून). चावत नाहीत. तरी तुम्हाला चावलेच, तर तसं खरं कळवा, बदलून आणते. या खेपेला लक्ष्मीला मध्ये घालू नका.