कुंचीवरचं उसवलेलं नाव

सोनूताई,

मी सकाळच्या एस.टी.ने बोर्लीला काशीकडे जातो आहे. आज माझ्या नातीचं बारसं आहे, असं काल बाजारात कळलं. आपल्याला बोलावणं नाही, हे मला ठाऊक आहे. तुला उठवलं असतं तर तू अडवलं असतंस आणि मी थांबलो असतो.

बाळासाठी शिवलेली कुंची बरोबर नेतो आहे. तिच्यावर मी ‘मनू’ असं नाव भरलं होतं, कारण फुलं-पानं मला जमत नाहीत, अक्षरं जमतात. तू म्हणालीस, "मास्तर झालास, पण बाळाचं नाव आत्या ठेवते एवढं न्हाय कळत? गेलेल्या बायकोचं नाव लोकांच्या घरात घुसवतोस?" तुझं बरोबर होतं. मी सगळे टाके उसवले. सुईची भोकं दिसतात, त्याला इलाज नाही. कापड मनूच्या हिरव्या लुगड्याचं आहे, तेवढं काशी ओळखेल.

तिने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हा तू तिला निदान बोललीस तरी. मी पुस्तक उघडून बसलो. तिला माझाच राग जास्त असावा. दारात काय बोलायचं ते तीनदा लिहिलं आणि फाडलं.

अंगणात सुपारी वाळत घातली आहे, ती ऊन उतरल्यावर आत घे. रात्री भात नेहमीसारखा दोघांचा टाक. माझा उरला, तर तिने मला ठेवून घेतलं असं समज.

दयाराम