गरम हवेची पेटी

तीर्थरूप ताईच्या चरणी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर सध्या कामातून गेली आहे, तेवढी वजा करून घ्यावा.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. ठीक म्हणजे एकमेकांशी बोलतो आहोत, आणि या हिवाळ्यात तेही काही कमी नाही.

तर झालं असं. तुझ्या भावजयीची शिवणकामाची खोली मागच्या अंगाला, तुला माहीतच आहे. तिथे ऊन चुकूनही फिरकत नाही. थंडी पडली की तिची बोटं आखडतात आणि सुईत दोरा जात नाही. विजेची शेगडी लावावी, तर अख्ख्या घराचा फ्यूज उडतो. तेव्हा तिने जाहीर केलं की मशीन उचलून बाजारातल्या शिलाईच्या गाळ्यात ठेवायचं आणि सकाळी डबा घेऊन निघायचं. तुला म्हणून सांगतो, मी पुढच्या खोलीत दुकानांच्या पाट्या रंगवतो ते तिच्या मशीनच्या खडखडीवर. ती थांबली की माझा हात थांबतो. दिवसभर घरात मी आणि रंगाचे डबे, हे मला सोसणारं नाही.

अशात एका जुन्या मासिकात गरम हवेच्या पेटीची कृती सापडली. थंड पेयांचे रिकामे डबे बूड-झाकण कापून एकावर एक चिकटवायचे, काळे रंगवायचे, लाकडी पेटीत उभे करायचे आणि समोर काच लावायची. उन्हातल्या भिंतीला वर-खाली दोन भोकं पाडून पेटी बाहेरून टेकवली की खालच्या भोकातून खोलीतली गार हवा आत जाते आणि वरच्या भोकातून गरम होऊन परत येते. वीज नाही, पंखा नाही. मला काही पटेना. हवेला वर जायला सांगतं कोण? हे समजून घ्यायला मी चहावरची वाफ निरखत बसलो. (वाफ वर जाते. चहा गार होतो. माझी प्रगती एवढीच.)

मग पोतं खांद्यावर टाकून खाणावळींच्या मागच्या दारांशी हिंडू लागलो. रिकाम्या डब्यांत बिअरचेच जास्त असतात, हे आधी ध्यानात आलं नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली. डॉक्टरांनी रस्त्यात गाठून, घरी सगळं बरं आहे ना, असं फार हळू आवाजात विचारलं. मी त्यांना पेटीबद्दल सगळं समजावून सांगितलं, तर त्यांचा चेहरा आणखीच पडला.

पुढची चूक मात्र अस्सल आमच्या धंद्यातली. कृतीत लिहिलं होतं, रंग चकाकणारा नको. पण जन्मभर पाट्या रंगवलेल्या माणसाने निस्तेज काम हातावेगळं करायचं कसं? मी वरून व्हार्निशचे हात मारले. डबे असे चमकले की ऊन त्यांच्यावर आपटून थेट समोरच्या न्हाव्याच्या आरशात शिरलं आणि त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने उठलं. शिवाय कोरी काच मला बघवेना. तिच्यावर पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन, 'गरम हवा' लिहिलं आणि भोवती वेलबुट्टी काढली. निम्मं ऊन वेलबुट्टीतच अडकलं. एक गृहस्थ पायऱ्या चढून भाव विचारून गेले.

हिने जुन्या कात्रीने काच खरवडली आणि डबे घासायला पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. मी जड मनाने सगळं निस्तेज केलं.

आणि ताई, पेटी चालली! हिने वरच्या भोकाशी दोऱ्याचं टोक धरलं, तर ते आपोआप उचललं गेलं. आम्ही दोघं आळीपाळीने तो दोरा धरत राहिलो. हवा खरंच येत होती, ऊबदार, आणि फुकट. इतका आनंद मला कुठल्या पाटीने दिला नाही.

अडचण एकच. ऊन येतं माझ्या खोलीच्या भिंतीवर, आणि कुडकुडते ती मागच्या खोलीत. म्हणून मी माळ्यावरून पत्र्याचा पाइप नेला, त्याला जुन्या गोधड्या गुंडाळल्या, कंबर तिथेच गेली. हवा निघताना गरम असे आणि पोचेपर्यंत होती तशी गार. मी शिडीवर चढून पाइपला कान लावत होतो, तेव्हा ही खालून म्हणाली, "अहो, हवा माझ्याकडे आणण्यापेक्षा मला हवेकडे नेलं तर?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. रस्त्यावरची खोली माझी, गिऱ्हाईक पाट्या बघून आत येतं, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. मग तिची बोटं दिसली, आणि मी शिडी उतरलो. आता तिचं मशीन पेटीपाशी खडखडतं आणि मी मागे बसतो. भिंतीपलीकडून आवाज नीट येतो. गाळ्याचं नाव तिने पुन्हा काढलेलं नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. – भाऊजींची जुनी लोकरीची कानटोपी आहे का? असेल तर लगेच पाठव. मागच्या खोलीत रंगच काय, माणूसही घट्ट होतो. पार्सल न्हाव्याच्या पत्त्यावर पाठव.

ता. क. दुसरा – उत्तरात टोपीचा उल्लेख नको, तुझी पत्रं हीच वाचून दाखवते. गारव्यात माझं अक्षर सुधारतं, असं मी तिला सांगितलं आहे.

ता. क. – वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. टोपी पाठवू नका, उरलेल्या लोकरी कापडाची मी शिवून ठेवली आहे. न्हाव्याकडे आजच देते, आठवड्याने यांना द्या असं सांगून. तुमच्याकडूनच आली असं म्हणा.