भागलं म्हणजे नेमकं काय

आई,

गेल्या रविवारी तुझ्या नातीनं मला फोनवर एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. आज आठवा दिवस, अजून येत नाही. तुला ते येत असणार, कारण प्रश्न तुझ्याच एका शब्दाचा आहे. पण तू जाऊन बावीस वर्षं झाली, शिवाय तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे पत्र दोन्ही बाजूंनी वायाच जायचं आहे. तरी लिहिते. बँकेत तीस वर्षं काढली की कुठलीही गोष्ट लेखी असली म्हणजे जरा धीर येतो.

झालंय असं, की मला वरची जागा देऊ केली आहे. सांगली सोडून मुंबईला, मुख्य कार्यालयात. निवृत्तीला सहा वर्षं उरलीत आणि उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचं आहे. तुझे जावई म्हणतात, तुझं तू बघ. हे बोलणं ऐकायला फार समजूतदार वाटतं आणि त्याचा उपयोग काडीचा होत नाही. लेक पुण्यात असते, तिनं फोन केला तेव्हा मी मेथी निवडत होते. ती म्हणाली, ते सगळं जाऊ दे, तुला स्वतःला काय हवंय ते सांग. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं भागलंय गं." ती म्हणाली, "म्हणजे पुरे झालं, की दमलीस?" मी भाजी करपते आहे असं खोटंच सांगून फोन ठेवला. भाजी अजून निवडूनसुद्धा झाली नव्हती.

भागलं. हा शब्द मी तुझ्याकडून भाकरीबरोबर खाल्लाय. तहान भागली, गरज भागली, एवढ्यात भागतंय. आणि तोच शब्द उलट बाजूनं, पाय भागले, अंग भागलं, थकली भागली बिचारी. पुरं पडणं आणि थकून जाणं या दोन्हींना आपल्या लोकांनी एकच शब्द का ठेवला असेल, याचा विचार मी चोपन्न वर्षांत एकदाही केला नव्हता. पुण्यात वाढलेल्या पोरीनं तो एका वाक्यात केला.

आपली सांगलीतली ती खोली आठवते. मोरीला लागून चूल, नंतर स्टोव्ह. तुझा आणि अण्णांचा संसार लांबूनच, ते गावाकडं चुलत्यांच्या मेंढरांमागं, वर्षातून तीन-चारदा यायचे, म्हणजे खोलीत आपण दोघीच. तू भाकरी माझ्या ताटात टाकतेस, मी खाते, तू विचारतेस, "भागलं का?" मी मान हलवते. मग मी विचारते, तू? तू टोपलीत एक भाकरी उरलेली असली तरी ती झाकून ठेवतेस आणि म्हणतेस, माझं भागलं. एकदा मी हट्टानं जेवायची थांबले आणि तुझ्याकडं बघत बसले. नववीत असेन, पुस्तकातल्या त्यागी आया डोक्यात बसलेल्या. तू अशी चिडलीस की हातातलं उलथनं आपटलंस. "माज्या तोंडाकडं काय बगतीस? भागलं म्हटलं न्हवं?" मी रडत रडत जेवले आणि त्या वर्षी शाळेत तुझ्यावर निबंध लिहिला. माझी आई अर्धपोटी झोपते, असं त्यात होतं. निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. वहीच्या कोपऱ्यावर तुझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा होता, तोही बाईंनी सगळ्यांना दाखवला.

तुझी बोटं कायम पिवळी. मार्केट यार्डातल्या त्या वखारीत तुम्ही बारा-पंधरा बायका तोंडाला फडकं बांधून हळद निवडायला बसायच्या, हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, किडकं तिसरीकडं. शाळा सुटली की मी दारात येऊन उभी राहायचे. आत सगळं पिवळं, धूळसुद्धा पिवळी, आणि तुमचा हसण्याचा आवाज. आज कुणाचं लगीन गं, असं एकीनं विचारायचं आणि सगळ्यांनी हळदीचे हात वर करायचे. मला ते बघून शरम वाटायची, आई. हे आधी कधी बोलले नाही. घामानं ओल्या झालेल्या बायका इतक्या कशा हसतात, असं वाटायचं.

मी दहावीत असताना तुमची जुनी मुकादमीण काम सोडून गेली आणि शेठनी ती जागा तुला विचारली. खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता, धुळीत बसायला नको. तू नको म्हणालीस. मी का म्हणून विचारलं तर म्हणालीस, "माजं हितंच भागतंय. मला काय करायची खुर्ची?" दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मनाशी ठरवलं, की काहीही होवो, आपण इतक्यात भागणाऱ्यांतल्या व्हायचं नाही. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या दिवसातून निघालं, असं मी लोकांना सांगत आले. अजूनही ते खरं असावं, पण पूर्वीसारखी खात्री राहिली नाही.

कारण मग तो डबा. मी बँकेत कारकून म्हणून लागले, तेव्हा तू मला तीन पुडांचा स्टीलचा डबा घेऊन दिलास आणि झाकणावर नाव घालून आणलंस. नाव नव्हतंच ते. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी "साहेब" असं कोरलेलं होतं. बँकेत पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत ते झाकण मी उलटं करून ठेवलं, कारण समोर खरे साहेब जेवत होते. कित्येक वर्षं ते झाकण मी उलटंच ठेवत होते. पण तुला विचारायला हवं होतं ते हे, की जिला पंख्याखालची खुर्ची नको होती तिला लेकीच्या डब्यावर साहेब कशाला हवा होता? तुझं जर एवढ्यात भागत होतं, तर माझं का भागू नये असं तुला वाटलं?

गेल्या महिन्यात बँकेत एक म्हातारी आली, खात्याची कागदपत्रं द्यायला. काठी टेकत माझ्या केबिनच्या दारात थांबली आणि टेबलावरच्या डब्याकडं बघत राहिली. आता तो डबा सुलटाच असतो, साहेब म्हणून आता मलाच हाक मारतात. म्हातारी म्हणाली, ह्यो डबा म्या बघितलाय. ती तुझ्या शेजारी बसून हळद निवडायची, आई. केसांचा अंबाडा पिवळा झालेली, मोठ्यानं हसणारी. नाव कोरून घेताना ती तुझ्याबरोबर होती. कोरणाऱ्यानं लेकीचं नाव विचारलं तर तू त्याला म्हणालीस म्हणे, नाव काय समद्यास्नीच असतंय, तू साहेब घाल.

मी तिला चहा पाजला आणि बोलता बोलता तुझ्या अर्धपोटी राहण्याबद्दल बोलले. चोपन्न वर्षांची बाई मी, डोळ्यांत पाणी आणून बोलले. म्हातारी आधी नीट ऐकत होती, मग तिला हसू आवरेना. "आवं साहेब, कशाची अर्धपोटी? कामावरनं सुटताना रोज सांजचं आमी भडंग खायाचो. तिला तर लय आवडायचं, दोन-दोन पुड्या खायाची. घरला जाऊन कशाची भाकरी जातीया?" आणि मुकादमीण का झाली नाहीस, तर त्याचंही तिच्याकडं उत्तर तयार होतं. "मुकादमीन एकटीच बसती. भडंग कुणासंगट खानार?"

ती गेल्यावर मला खूप राग आला. तुझाच. ज्या त्यागाच्या जोरावर मी परीक्षा दिल्या, बढत्या घेतल्या, बदल्यांवर बदल्या सोसल्या, तो निम्मा भडंगाचा निघाला. मग केबिनमध्ये एकटीच हसले. मग पुन्हा राग. तू सुखी होतीस, इतकं साधं होतं का ते? संध्याकाळच्या दोन पुड्या भडंग आणि हसायला बायका. आणि तसं असेल तर साहेब का कोरलंस? कदाचित तुला स्वतःसाठी काही नको होतं आणि माझ्यासाठी सगळं हवं होतं. किंवा कोरणारा समोर होता आणि मैत्रिणीपुढं तुला गंमत करायची होती. मी त्या गमतीवर तीस वर्षं घालवली असतील तर?

खरं सांगू का, मला ती धडपड आवडायची. परीक्षेच्या आधी पहाटे उठून अभ्यास करताना जितकं बरं वाटायचं तितकं निकालानंतर कधी वाटलं नाही. बढतीचा आनंद पेढे वाटून होईपर्यंत टिकायचा, रिकामा बॉक्स कचऱ्यात टाकताना डोळे पुढच्या खुर्चीवर. याला लोक हाव म्हणतात, समाधान नसणं म्हणतात, म्हणोत. पण धडपडत असताना मी सुखात होते, हे नाकारायचं कसं? आणि आता समोर मुंबईची खुर्ची आहे आणि मला काहीच होत नाही. हो म्हणाले तर ती इच्छा म्हणायची की निव्वळ सवय, कळत नाही. नाही म्हणाले तर समाधान आलं म्हणून, की गुडघे दुखतात म्हणून, तेही कळत नाही. दोन्ही आतून सारखंच लागतंय. तुला फरक कळायचा का? की तुलाही कळत नव्हता आणि म्हणून तू तो एकच शब्द वापरायचीस?

यासाठीच मला तो दिवस लिहायला हवा, जो मी इथपर्यंत टाळत आले. तू सांगली सोडून गावाकडं जाऊन राहिली होतीस. मी साताऱ्यात, नुकतीच अधिकारी झालेली. कंदी पेढे घेऊन सकाळच्या एसटीनं आले. तू अर्धा पेढा खाल्लास आणि उरलेला पदराच्या टोकाला बांधलास. दुपारभर मी माझ्या नव्या जागेबद्दल बोलत राहिले, तू ऐकत होतीस. मग मी म्हणाले, साताऱ्याला चल, चार दिवस राहा, डॉक्टरांना दाखवू, वाळलीस किती. तू म्हणालीस, "नगं. भागलं बग आता माजं." मी तुझ्या पाया पडले आणि निघाले. तीन आठवड्यांनी तू गेलीस.

दहाव्याला सगळ्यांनी विचारलं, शेवटचं काय बोलली? मी सांगितलं, भागलं म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. तृप्त होऊन गेली, भाग्याची होती, असं म्हणाले. बावीस वर्षं मी हेच सांगत आले, नव्या लोकांना तर आवर्जून. लेकीलाही हेच सांगितलं होतं. त्यामुळंच असेल, तिनं तो शब्द ऐकला आणि लगेच विचारलं.

आई, त्या दिवशी तू मला फाट्यापर्यंत सोडायला आली होतीस. एवढंसं अंतर, पण तू वाटेत दोनदा टेकलीस. दुसऱ्यांदा टेकलीस तेव्हा दगडावर हात ठेवून पुन्हा एकदा तेच म्हणालीस, भागलं गं, आणि या वेळी "माजं" म्हणाली नाहीस. मी तुझ्याकडं पाहिलं होतं. तेवढ्यात वळणावर एसटी दिसली. तिच्यानंतरची गाडी दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी नव्या जागेवर माझी पहिली मीटिंग होती.

कागद संपत आला. हे कुठं पाठवायचं नाही, डब्यात घालायचं नाही, घडी करून उशीखाली ठेवायचं नाही; फाडून टाकेन. उद्या काय कळवायचं ते अजून ठरलेलं नाही. लेकीला मात्र आज फोन करणार आहे आणि सांगणार आहे, की मला माहीत नाही. तुला विचारायचं राहून गेलं, असं मी आठ दिवस स्वतःला सांगत आले. राहून नाही गेलं. मला दुसरा अर्थ त्या दगडापाशीच कळला होता. मला एसटी गाठायची होती, म्हणून मी पहिला घेतला.