भेगेवरचा दोरा

२ जुलै

धोका वेगळा आणि आपत्ती वेगळी! आज कळलं. डोंगर कुठे रानात कोसळला, खाली कुणी नसलं, तर ती आपत्ती नव्हे. खाली माणसं असली की आपत्ती. म्हणजे आपत्तीलाही आपणच लागतो. वीस वर्षांपूर्वी याच भूगोलात आपटले, तेव्हा हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते? पेपर एकवीसला. दहावीचा हा एकच विषय राहिलाय.

शिकवायला लेक आहे. कडक बाई. चुकले की म्हणते, लक्ष कुठाय तुझं! माझंच वाक्य, मला परत.

३ जुलै

शिलाई करता करता पाठांतर. दरडी कोसळण्याची कारणं — तीव्र उतार, मुरलेलं पाणी, पायथ्याशी खोदकाम. ‘खोदकाम’पाशी मशीनवरचा पाय थांबला. घरामागे उतार आहे. पाणी तर रोज मुरतंय. आणि नव्या रस्त्यासाठी पायथा खरवडलाय महिनाभर. ‘विकास’ अशी पाटीही लावलीय!

मागच्या खोलीत जाऊन बघितलं. भिंतीला भेग. सासूबाई म्हणाल्या, ती तुझ्या लग्नाआधीची आहे. असेल. पण वाढतेय का?

४ जुलै

युक्ती सुचली. भेगेच्या दोन बाजूंना, चार बोटांच्या अंतरावर, दोन खिळे. मधे ताठ दोरा. भेग रुंदावली तर दोरा तुटेल. शिंपिणीचं यंत्र!

शिवण मला सासूबाईंनीच शिकवली, पण गाठ दोघींची वेगळी. माझी दोन वेढ्यांची, उरलेला दोरा कात्रीने. त्यांची तीन वेढ्यांची, आणि दोरा दाताने तोडणार. हजारदा सांगितलं, दात जातील. गेलेही दोन.

६ जुलै

दोरा तुटला. सकाळी बघितलं आणि धावत सुटले. सगळी गल्ली शाळेच्या हॉलमध्ये आणली. वही सोबत आहे, पुस्तक घरीच राहिलं.

८ जुलै

फजिती. नगरपालिकेचा इंजिनिअर आला, भेग बघितली, दोरा चिमटीत धरला आणि मलाच विचारलं, हा सुती आहे का हो? सुती! ओल धरून आखडला आणि तुटला. कापड पाण्यात आटतं हे गिऱ्हाइकांना मी सांगते!! रस्त्याच्या खोदकामाचं विचारलं तर म्हणाला, ते खातं वेगळं.

गल्ली पोट धरून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आता मी या घरातून आडवीच निघणार. उभी नाही.”

सगळे घरी परतलो. आता पॉलिस्टरचा दोरा लावलाय. तो आटत नाही.

१० जुलै

मानवी विकास निर्देशांक. देश किती जगतो, किती शिकतो, किती कमावतो. लेकीने शिक्षणापुरता घराचा काढला. आजी चौथी, मी नववी, ती नववी. सरासरी सात पूर्णांक एक तृतीयांश.

सासूबाई काज करत ऐकत होत्या. म्हणजे माझ्यामुळे घर खाली, म्हणाल्या. मग जरा वेळाने विचारलं, ही पास झाली तर किती वर जाईल? लेक म्हणाली, एक तृतीयांश. “एवढंसंच?” पण आवाज खूश होता.

१३ जुलै

मागच्या खोलीत ढेकूण झालेत म्हणे. सासूबाईंनी आम्हा दोघींची अंथरुणं पुढच्या खोलीत आणून टाकली. स्वतः मात्र मागेच. म्हाताऱ्या कातडीला ढेकूण चावत नाहीत म्हणे! दोरा बघायचं कामही त्यांनीच घेतलं. तू अभ्यास कर.

१५ जुलै

दारातून डोकावले. दोरा ताठ.

१८ जुलै

ज्वालामुखीचा धडा झाला, भूकंपाचा झाला. एकाच तीव्रतेचा भूकंप, पण एका देशात दहा माणसं जातात, दुसऱ्यात दहा हजार. का? पुस्तकात उत्तर दोन ओळींचं. माझं डोकं दिवसभर त्यातच. दोन बाह्या उलट्या लागल्या.

दोरा ठीक आहे म्हणाल्या.

२१ जुलै

झाला पेपर! धोका-आपत्ती आलं होतं. पानभर लिहिलं.

२२ जुलै

रीळ आणायला मागे गेले. भेगेत बोट जातंय. दोऱ्याला मधे तीन गाठी. तीन-तीन वेढ्यांच्या, टोकं दाताने तोडलेली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पहिल्यांदा कधी तुटला, विचारलं. “तेरा तारखेला. तुझा पेपर होऊ दे म्हटलं.”

राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम. तिघींची बोचकी त्यांनी आधीच बांधून ठेवलीत. लेक गल्लीत सांगायला गेलीय. हसू देत, पण निघू देत.

निघतोय. सासूबाई सगळ्यांत पुढे. उभ्या.