दर्शनी किंमत प्रत्येकी दहा

तीर्थरूप मावशीस,

फ्रेमवाल्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, काकांचा गुडघाही आता जिना चढू देत असेल. आम्ही इकडे ठीक. तू म्हणशील, अठरा वर्षं ना फोन ना चिठ्ठी, आणि आज याला गुडघा कसा आठवला? सांगतो, दम धर.

माझ्या लग्नात तू मला एक पाकीट दिलंस. (धाकट्याला तो नुसता पास झाला म्हणून मनगटी घड्याळ दिलं होतंस, ते मी विसरलेलो नाही.) पाकिटात पंप बनवणाऱ्या कंपनीच्या शंभर शेअर्सचं सर्टिफिकेट, त्यावर ठळक छापलेलं, ‘दर्शनी किंमत प्रत्येकी दहा’. शंभर गुणिले दहा, हजार. (गणितात मी कच्चा नव्हतो, नापास झालो तो भूगोलात.) माझ्या लग्नातल्या बुटांनाच तेवढे पडले होते! माझा राग बोलून संपत नाही गं, तो मुरतो. कंपनीची पत्रं दरवर्षी यायची, ती न उघडता मी काचांच्या मध्ये घालायला वापरली. (चांगला जाड कागद, एक काच फुटली नाही.)

परवा दुकानात एक हिशेबतपासनीस आले, त्याच कंपनीचं जुनं सर्टिफिकेट फ्रेम करायला. मी म्हटलं, साहेब, दहाच्या कागदाला चारशेची फ्रेम कशाला? ते हसले नाहीत. विचारलं, जन्मलात तेव्हा वजन किती होतं तुमचं? मी म्हटलं, अडीच किलो. (तराजूत तूच ठेवलं होतंस म्हणे.) त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, दर्शनी किंमत म्हणजे ते अडीच किलो. शेअर काढताना कंपनीने भांडवल मांडायला ठरवलेला आकडा. आज बाजारात काय भाव आहे, ते त्यावरून कळत नाही. मी तरी हुज्जत घातली, छापलंय दहा म्हणजे दहाच! त्यांनी फोनवर आजचा भाव दाखवला. एका शेअरला नऊशे. मी मटकन स्टुलावर बसलो. स्टुलावर काचा होत्या. असो.

मावशी, मी चुकलो. अठरा वर्षं तुझी माया छापील आकड्यावरून मोजली. फार लाज वाटते.

तुझा,
अडीच किलोचा

ता. क. तुझ्या साठीला धाकट्याच्या हाती तुझा फोटो फ्रेम करून पाठवला होता, तो भिंतीवरून काढू नकोस. धूळ पुसायलाही नको. रविवारी मीच पक्कड घेऊन येतो. फोटोमागे आधाराला जाड कागद हवा होता, हाताशी तुझं सर्टिफिकेटच होतं.

आणखी ता. क. शेअर न्यायला येत नाहीये, ते तुझेच समज. कागदाच्या पाठीवर मी पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे, तेवढी खोडायची आहे. काकांनाही वाचू देऊ नकोस.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवताना वाटलं, आता लपवून काय करायचंय? ओळ अशी आहे: ‘मावशीची माया, एकूण हजार.’ खोडरबर मी आणतो, पण खोडायचं तू. वर चार शब्द सुनाव. मी जेवायला थांबेन, फक्त खुर्चीवर उशी ठेव.