मिल चालू असताना

७ ऑक्टो. २००१, आमगाव
आज तालीम बरी झाली. नरेशच्या काकांच्या राइस मिलमध्येच. धान सडायचा हलर धडधडत असेपर्यंत कोणी तक्रार करत नाही, बंद झाला की शेजारी हजर. नरेशची गिटार, माझा बँड पार्टीतला जुना ड्रम नि पत्र्याचा डबा. शालिक गातो. तो इथलाच हमाल, दुपारी पोती टाकून तासभर आमच्यात. बँडचं नाव त्यानेच ठेवलं, कोंडा. सगळं सुरू झालं ते नागपूरहून आणलेल्या कॅसेटवरून. वर पेनने नुसतं ‘पंक’ लिहिलेलं. इंग्रजी एकालाही समजलं नाही, चीड मात्र समजली.

१९ नोव्हें. २००१
मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, फजिती. दंडारीचं नाटक उभं राहायच्या आधी आम्हाला दहा मिनिटं दिली होती. भर दुपार, अख्खं गाव बसलेलं. नरेशने सुरुवात केली आणि मला ठोकाच सापडेना. हात वर, आणि पुढे काही नाही. दोन वर्षं मी हलरच्या धडधडीवर वाजवत होतो, हे आज कळलं. तिथे हलर कुठला.
शालिक माइकमध्येच म्हणाला, “काऊन बे, हात गेला का तुहा?” लोक हसलेही नाहीत. वाट पाहत बसले. लाज वाटली.

१३ जाने. २००२
कॅसेट भरली. चार गाणी. मिल बंद ठेवून करू, असं नरेश म्हणत होता. शालिक म्हणे, “चालू राहू दे. याचा ठोका तिच्यातच हाये.” माझ्यासाठी म्हणाला. मीही गप्प बसलो. टेपरेकॉर्डर पोत्यांच्या थप्पीवर. ऐकलं तर धडधड जास्त, शालिक कमी. घसा फाडला बिचाऱ्याने.

२ सप्टें. २००६
शालिक गेला. कावीळ. जडीबुटीत पंधरा दिवस घालवले. नागपूरला न्यायचं ठरलं तेव्हा उशीर झाला होता.
कॅसेट माझ्याकडेच आहे. त्याच्या आईला दाखवायची हिंमत झाली नाही.

१० फेब्रु. २०१३
पुण्याहून एकाचा फोन. दुर्लक्षित राहिलेल्या जुन्या बँडची गाणी गोळा करून लोकांपुढे आणतोय म्हणे, नरेशने कुठेतरी लिहिलेलं वाचलं त्याने. “तुमच्यासारख्यांची नोंदच नाही कुठे.” बरं वाटलं. मग वाईट वाटलं, कारण हे ऐकायला हवा होता तो नाही. कॅसेट पाठवली. एकच आहे, म्हणून दोनदा बांधली.

११ मार्च २०१३
कॅसेट परत आली, सोबत सीडी. मिलचा आवाज पार काढून टाकलाय. शालिकचा शब्द न् शब्द ऐकू येतो. रडलो. बायको स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली.
माझा ड्रम मात्र वेड्यासारखा वाटतो. कशाला धरून वाजवतोय तेच कळत नाही.

१२ मार्च
सीडी घेऊन मावशीकडे. शालिकची आई. तिनेही त्याच मिलमध्ये वीस वर्षं धान पाखडलं. पहिलं गाणं सुरू झालं तशी पदर तोंडाला लावून बसली. दुसऱ्या गाण्यात म्हणाली,
“मिल बंद हाये का बाबू?”
हो म्हणालो.
“मंग कायले एवढा ओरडून राहिला तो?”
सीडी तशीच चालू राहिली. चहा निवला.

१४ मार्च
पुण्याला फोन केला. म्हटलं, मूळचंच घ्या, धडधडीसकट. तो म्हणाला, “त्यात गाणारा ऐकूच येत नाही हो. लोक दहा सेकंदांत बंद करतील.” खोटं नाही ते. कोणतं घ्यायचं ते शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाला. उद्याच शुक्रवार.
नरेश म्हणतो, साफ केलेलं दे, निदान नाव तरी होईल त्याचं.

१५ मार्च
सकाळपासून दोन्ही लावून ऐकतोय. साफ केलेल्यात शालिक वेडा वाटतो, एकटाच उगाच ओरडणारा. मूळच्यात तो नीट आहे, पण शोधावा लागतो. मिल चालू ठेवली ती माझ्यासाठी. मी ठोका शिकलो असतो तर…
पुण्याचा फोन दोनदा वाजून गेला. मूळची कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावलीय. हात आपोआप मांडीवर ठोका धरतोय, एकदाही चुकला नाही.
फोन तिसऱ्यांदा वाजतोय.