तांब्याची तार

१५ ऑक्टोबर २००६
सूनबाईंचा व्हिडिओ गेम बंद पडला. कॅसेट घालून टीव्हीला जोडायचा, जुना. अपेक्षा आणि तिचा धाकटा भाऊ योगेश लहानपणी त्याच्यावरून भांडायचे. लग्न होऊन आली तेव्हा साड्यांबरोबर हाही आणला! योगेश बंगलोरहून भाऊबीजेला येतोय, दिवसभर खेळायचं ठरलंय दोघांचं.

"बाबा, बघता का जरा?" म्हणाली. कंपनीतून व्हीआरएस घेतल्यापासून कुणी 'बघता का' म्हटलं की बरं वाटतं. खोलला. आतला काचेचा फ्यूज उडालाय. बस्स, एवढंच!

१७ ऑक्टोबर
बुधवार पेठेत गेलो. दिवाळीची ही गर्दी! दुकानदाराने फ्यूज उजेडात धरला. "हा आत्ता नाही. शुक्रवारी या." म्हटलं, याहून जाड चालेल का? "चालेल की. मग फ्यूज कशाला, खिळाच ठोका."

भोसरीत मेंटेनन्सला हयात काढलेल्या माणसाला ऐकवतो! शुक्रवारपर्यंत कोण थांबणार?

१८ ऑक्टोबर
शेण खाल्लं.

घरच्या मीटरच्या फ्यूजला गुंडाळतो तशीच — वायर सोलून तांब्याची एक तार काढली आणि त्या काचेच्या फ्यूजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळली. बटण दाबलं. लाल दिवा लागला! "झालं!" म्हणून एकटाच ओरडलो. मग वास. मग धूर. बंद करेपर्यंत आतलं बोर्ड काळं ठिक्कर.

फ्यूज उगाच उडत नाही, आत काहीतरी बिघडलेलं असतं, ते आधी शोधायचं. हे मी शिकाऊ पोरांना शिकवायचो! हात दाखवून अवलक्षण.

तार खिडकीतून फेकली. उडालेला फ्यूज परत बसवला, स्क्रू आवळले, पंखा लावला. चोरासारखा.

१९ ऑक्टोबर
अपेक्षाला म्हणालो, "आतलं बोर्डच गेलंय. जुनी वस्तू." किती सहज आलं तोंडातून! ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझंच चुकलं असेल. लाइट ये-जा करत होती तेव्हा तसाच चालू ठेवला मी." सुदर्शन लगेच बायकोवर घसरला — "तुला शंभरदा सांगितलंय!" मुलगा माझा, आवाजही माझाच.

मी पेपर वाचत बसलो. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. अनारसे छान झालेत म्हणतात. मला चव लागली नाही.

२४ ऑक्टोबर
योगेश आला. पिशवीतून जुन्या कॅसेट काढल्या, पुसूनबिसून आणल्या होत्या. गेम जळलाय कळल्यावर पोराचा चेहरा! मग हसून म्हणाला, "ताई, तुझ्याकडे द्यायलाच नको होता." तीही हसली. ओवाळताना मात्र डोळे भरले होते तिचे.

आणि मी सोफ्यावर, नवा सदरा घालून! लाज वाटली. लाज वाटते. आता बोलू, मग बोलू करता करता तो गेलासुद्धा.

२५ ऑक्टोबर
सांगून टाकलं. ती फराळाचे डबे पुसत होती. "अपेक्षा, मी तार घातली होती त्यात. माझ्यामुळे जळला."

हात थांबला नाही तिचा. "माहितीये बाबा. ऑफिसातून आले तेव्हा घरात वास होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

थोबाडीत बसली असती तर परवडलं असतं. मग म्हणाली, "जाऊ दे हो, वस्तूच ती." चहा टाकला, आलं घालून. दोघांनी बसून प्यायला. आज किती दिवसांनी हलकं वाटतंय. सुटलो बुवा!

२८ ऑक्टोबर
सकाळी चटणी वाटताना मिक्सर बंद पडला. अपेक्षाने कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. मी हॉलमध्येच बसलो होतो.